कळकलेली तार

शीळफाट्यावर गाडी बंद पडली की ड्रायव्हर आमच्या दुकानात येऊन तीनपैकी एक वाक्य बोलतो. ‘सेल्फ उठा नहीं रहा’, ‘करंट नहीं आ रहा’, किंवा नुसतंच ‘वायरिंग का काम है’. तिसरं वाक्य ऐकलं की समजायचं, आधी मिस्त्रीकडे जाऊन आलाय. इंजिनवाला मिस्त्री आणि आम्ही वायरिंगवाले यांच्यात हे वर्षानुवर्षं चालू आहे. त्याला कळलं नाही की तो आमच्याकडे पाठवतो, आम्हाला कळलं नाही की आम्ही ‘पंप दाखवून घ्या’ म्हणतो. ड्रायव्हर बिचारा मधल्या शंभर पावलांवर चपला झिजवतो.

दुकान मामाचं. पत्र्याचं आहे, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर यावं लागतं. डिप्लोमा झाल्यावर ‘नोकरी लागेपर्यंत ये’ म्हणाला, त्याला आता सात वर्षं झाली. जागा मात्र मोक्याची आहे. मुंब्र्याकडून पनवेलला जाणारा रस्ता, कल्याणकडून येणारा आणि महापेकडून येणारा, तिन्ही इथे एकमेकांच्या अंगावर येतात. न्हावाशेवाचे कंटेनर भिवंडीच्या गोदामांकडे इथूनच जातात. ज्यांनी कधी शीळफाट्यावरून ऑफिस गाठलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. एक ट्रक मधल्या लेनमध्ये आडवा झाला की मागची रांग देसाई गावाच्याही पलीकडे जाते. बीकेसीहून निघालेला बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदाही इथेच जमिनीबाहेर येणार आहे. त्यातली गाडी सुसाट जाईल. वर आम्ही टोचन लावलेला ट्रक ढकलत असू.

तर सांगायचं ते डिझेल इंजिनच्या विजेबद्दल. यात एक गंमत आहे, जी मला डिप्लोमात कुणी नीट सांगितली नव्हती. डिझेल इंजिनला चालायला वीज लागतच नाही. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जे इंजिन चालवून दाखवलं त्यात ठिणगीचं काम नुसत्या दाबावर होतं. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच पाचशे अंशांच्या पुढे तापते, मग त्यात डिझेल फवारलं की ते पेटतं. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांमध्ये सगळं कॉम्प्युटरच्या हातात गेलं, तिथे वीज गेली की इंजिन गेलं. पण त्याआधीचा, यांत्रिक पंपाचा जुना ट्रक एकदा सुरू झाला की बॅटरी मेली तरी नाशिकपर्यंत जाईल. रात्री दिवे लागणार नाहीत एवढंच.

मग वीज कशाला? सुरू करायला, काही इंजिनांत बंद करायला, आणि आत काय चाललंय ते ड्रायव्हरला सांगायला. म्हणजे पॅनेलवरचे काटे, दिवे, बझर. इंजिनाच्या बाबतीत आम्ही वायरिंगवाले निरोप्याचं खातं सांभाळतो. आणि आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ गाड्यांमध्ये इंजिन ठणठणीत असतं, बॅटरी ठणठणीत असते, सेल्फही ठणठणीत असतो. बिघाड असतो तो दोघांच्या मधल्या जोडात.

हा जोड लोकांना पटत नाही. कारण तो दिसत नाही. बॅटरी दिसते. तिला किंमत आहे, वॉरंटी आहे, ती बदलली की आपण काहीतरी केलं असं वाटतं. सेल्फ काढून बाकावर ठेवला, उघडला, कार्बन बदलले, की गिऱ्हाईकाला पैसे दिल्याचं समाधान. आणि अर्थची पट्टी? इंजिन आणि चासी यांना जोडणारी ती काळी पडलेली तांब्याची वेणी. ती काढून घासून परत लावली म्हणून पैसे मागितले तर माणूस तोंडाकडे बघतो.

मामाने मला हे नळाच्या पाण्यावरून समजावलं होतं. कल्याण-शीळ रस्त्याच्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या कुणालाही ते कळेल. नळ बंद असताना पाइपात प्रेशर पूर्ण असतं. गेज लावलं तर काटा छान वर जाईल. नळ उघडला की करंगळीएवढी धार, बादली भरायला अर्धा तास. कारण मध्ये कुठेतरी पाइप क्षाराने बुजलाय. बंद नळावर प्रेशर मोजून हा अडथळा सापडत नाही, पाणी वाहतं असतानाच मोजावं लागतं. विजेचंही तसंच. बॅटरीवर मल्टिमीटर लावला, १२.६ व्होल्ट दिसले, ‘बॅटरी फुल आहे’ म्हणाले, झालं! अरे पण किल्ली मारून तर बघ.

पॅनेलवरचा एक छोटा बल्ब दोन वॅटचा असतो. त्याला १२ व्होल्टवर अँपिअरचा जेमतेम सहावा भाग लागतो. एवढासा करंट अर्धवट गंजलेल्या जोडातूनही आरामात जातो, म्हणून दिवे लख्ख लागतात. सेल्फला लागतात शेकडो अँपिअर. जोडात ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा असला, जो साध्या मल्टिमीटरवर ओहम मोजून दिसणारही नाही, तरी २०० अँपिअर मागितल्यावर तिथेच दोन व्होल्ट खाल्ले जातात. ड्रायव्हरला वाटतं, दिवे तर लागतायत, म्हणजे करंट आहे, म्हणजे सेल्फ गेला.

म्हणून आम्ही मोजतो ते उलटं. मल्टिमीटरच्या दोन्ही सुया एकाच तारेच्या दोन टोकांना लावायच्या आणि हेल्परला सांगायचं, मार किल्ली. तार चांगली असेल तर मीटर शून्याच्या आसपास राहतो. खराब असेल तर व्होल्ट दाखवतो, म्हणजे तेवढे व्होल्ट ती तार स्वतःच खातेय. नवा ड्रायव्हर हे बघून हमखास हसतो. एकाच तारेला दोन्ही बाजूंनी काय मोजताय? मग मीटरवर तीन आकडा आला की त्याचं हसू थांबतं.

दुसरा रस्ताही आहे, तो फाट्यावर रोज दिसतो. सेल्फवर हातोडी मारायची. किंवा गाडीखाली झोपून सोलेनॉइडच्या दोन नटांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकायचा. ठिणग्या उडतात आणि गाडी सुरू होते. गिअरमध्ये राहिली असेल तर सुरू होता होता पुढेही जाते, खाली झोपलेल्या माणसासकट. मामा हे दुकानात कुणाला करू देत नाही. रस्त्यावर कोण कुणाला अडवणार.

*

आता चार्जिंगच्या दिव्याची गोष्ट. मला ती या धंद्यातली सगळ्यात आवडती गोष्ट वाटते.

एक जुना दहा चाकी ट्रक आमच्याकडे आला. दर दोन-तीन दिवसांनी बॅटऱ्या उतरायच्या. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ करतात. इंजिन चालू असताना तिथे साधारण २८ दिसायला हवेत. दिसत होते २४.३. म्हणजे चार्जिंग शून्य. पण त्याने आधीच दोन ठिकाणी दाखवून दोन आल्टरनेटर बदलले होते. मालक म्हणत होता, ड्रायव्हर रात्री गाणी ऐकतो. ड्रायव्हर म्हणत होता, मालकाने भंगारातला आल्टरनेटर टाकलाय. दोघांचं फोनवरचं भांडण आम्ही स्पीकरवर ऐकलं.

मामाने किल्ली फिरवली आणि पॅनेलकडे बघितलं. इंजिन बंद, किल्ली चालू, अशा वेळी बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा लागला पाहिजे. लागला नाही. ‘हा कधीपासून लागत नाही?’ ड्रायव्हर खुशीत म्हणाला, ‘नहीं लगता चाचा, कोई टेन्शन ही नहीं.’

मामाने पॅनेल बाहेर काढलं. त्या खाचेत बल्बच नव्हता. कुणीतरी कधीतरी दुसऱ्या दिव्यासाठी तिथला काढून वापरला होता. मामाने डब्यातून चहाच्या किमतीचा एक बल्ब काढला, बसवला, इंजिन सुरू केलं. २८.१.

झालं काय होतं, तर आल्टरनेटर म्हणजे फिरतं चुंबक. पण ते कायमचं चुंबक नाही, विजेने तयार होणारं आहे. वीज तयार करायला चुंबक हवं आणि चुंबक व्हायला वीज हवी. हा पेच सुटावा म्हणून जुन्या पद्धतीच्या आल्टरनेटरला पहिला घोटभर करंट बॅटरीकडून दिला जातो, आणि तो येतो त्या लाल दिव्यातून. किल्ली फिरवली की करंट दिव्यातून आत जातो, दिवा पेटतो, चुंबक जागं होतं. इंजिन फिरू लागलं, आल्टरनेटर स्वतःची वीज स्वतः करू लागला, की दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच व्होल्टेज होतो आणि दिवा विझतो. म्हणजे ‘चार्जिंग होत नाही’ हे सांगणारा दिवा चार्जिंगच्या वाटेवरच बसलेला असतो. तो काढला की आल्टरनेटर झोपून राहतो, आणि झोपलाय हे सांगायलाही कुणी नसतं.

ड्रायव्हरने विचारलं, पण मग दोन आल्टरनेटर? मामा काही बोलला नाही. दुसऱ्याच्या कामावर तो गिऱ्हाईकासमोर बोलत नाही.

*

बोटीशी माझा संबंध आला तो एका बंद पडलेल्या कारमुळे. पलावात राहणारे एक साहेब, सॉफ्टवेअरमध्ये, चाळिशी ओलांडलेले. फाट्यावरच्या जाममध्ये त्यांची डिझेल गाडी बंद पडली. ‘टिक’ व्हायचं, बाकी काही नाही. कंपनीचा माणूस यायला दोन तास लागणार होते. मी जाऊन बघितलं, अर्थची पट्टी बॉडीला जिथे लागते तिथला बोल्ट सैल आणि गंजलेला. घासला, आवळला, गाडी सुरू. ते बराच वेळ त्या बोल्टकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘मित्रा, माझ्या बोटीलासुद्धा हेच होतंय. येशील का बघायला?’

मला वाटलं मासेमारीची बोट असेल. आमच्या ओळखीचे लोक उरण-करंजाला बोटींच्या वायरिंगला जातात. तिथल्या बोटींना ट्रकच्याच कंपन्यांची इंजिनं असतात, त्यामुळे नवीन काही शिकावं लागत नाही. ही निघाली शिडाची. २६ फुटी, फायबरची, तिघा मित्रांनी मिळून घेतलेली, सेकंडहँड. गेटवेसमोरच्या पाण्यात बोयाला बांधलेली असायची.

फेब्रुवारी २०२५ मधल्या एका रविवारी मी मल्टिमीटर, क्रिम्पिंगचा पाना आणि एक डबा वायर घेऊन छोट्या होडीतून तिथे पोचलो. जायच्या आधी माझा प्रश्न साधा होता. वाऱ्यावर चालणाऱ्या होडीला इंजिन हवंच कशाला? साहेबांनी बंदराकडे बोट दाखवलं. एलिफंटाच्या लाँचा, मांडव्याच्या फेऱ्या, नौदलाच्या बोटी, मागे मोठी जहाजं. दोनच महिन्यांपूर्वी, १८ डिसेंबर २०२४ ला, याच पाण्यात इंजिनची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट नियंत्रण सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर आदळली होती आणि माणसं गेली होती. त्याबद्दल ते फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘इथे वारा पडला आणि इंजिन सुरू झालं नाही, तर मी समोरच्याच्या मर्जीवर.’

सहा महिन्यांत त्यांनी नवी बॅटरी घातली होती आणि सेल्फ उघडून नवा करून घेतला होता. तक्रार जिथल्या तिथे. कधी पहिल्या फटक्यात सुरू, कधी सहाव्या.

इंजिन खाली उतरायच्या पायऱ्यांच्या मागे. दोन सिलिंडरचं, आमच्या ट्रकच्या सेल्फपेक्षा थोडंसं मोठं म्हणा ना. पॅनेल वर, सुकाणूजवळ, उघड्यावर. त्यावर किल्ली, स्टार्टचं बटण, आरपीएमचा काटा, तीन लाल दिवे आणि आत बझर. वरून खाली जाणारी वायरिंगची जाड वेणी, आणि मध्ये इंजिनच्या शेजारी एक मोठा प्लग, त्यात सगळ्या तारांचा जोड. मी तो प्लग बघितला आणि जवळजवळ तिथेच कळलं. पण मामाची शिकवण, डोळ्याने नाही, मीटरने.

बॅटरी १२.७. साहेबांनी बटण दाबलं. टिक. बॅटरी १२.५. हा आकडा महत्त्वाचा. सेल्फने खरोखर करंट ओढला असता तर बॅटरी दहा-साडेदहापर्यंत खाली आली असती. ती हललीच नाही, म्हणजे सेल्फकडे निरोपच पोचत नाहीये. नवी बॅटरी निर्दोष, नवा केलेला सेल्फही निर्दोष. मग सोलेनॉइडच्या छोट्या तारेवर मोजलं. बटण दाबलेलं असताना ७.१. म्हणजे बॅटरीपासून वर किल्लीपर्यंत आणि तिथून परत खाली येईपर्यंत वाटेत ५.४ व्होल्ट गायब. तुकडे करत मोजत गेलो. त्यातले चार एकट्या प्लगने खाल्ले होते.

प्लग ओढला तर निघेना. निघाला तेव्हा आतल्या पिना पोपटी झालेल्या. साहेब म्हणाले, ‘गंज?’ मी म्हटलं, ‘कळंक.’ हा शब्द माझ्या तोंडात आजीमुळे. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की ती ओरडायची, कळकेल म्हणून. तांब्या-पितळेला आंबट, खारं लागलं की हा हिरवा थर येतो. त्यावर उपाय म्हणून कल्हईवाला यायचा, नवसागर टाकून कथील फिरवायचा. बोटीसाठी जी चांगली वायर मिळते तिच्यातली प्रत्येक बारीक तार कथिलाने मढवलेली असते. सोललं की आतून चांदीसारखी पांढरी दिसते. आजीची कल्हई, दुसरं काही नाही. त्या बोटीत कुणीतरी साधी तांबडी वायर घातली होती, ती रबराखालून वीतभर आतपर्यंत काळी पडली होती. खाऱ्या हवेत ओलावा तारेच्या पेळूतून वर चढत जातो. बाहेरून वायर नवी दिसते.

मी प्लगच काढून टाकला. एकेक तार कथिलाच्या वायरने, क्रिम्प करून, वर गोंदवाली नळी तापवून बसवली. जाता जाता एक रिले टाकला. ही ट्रकवाल्यांची जुनी युक्ती आहे. लांबून येणाऱ्या बारीक तारेने फक्त रिले उचलायचा, मोठा करंट रिलेने बॅटरीजवळच सोलेनॉइडला द्यायचा. या सगळ्याला साडेतीन तास लागले, त्यातले दोन अर्धं शरीर इंजिनाच्या खणात घालून, बोट हलत असताना. मला तिथे ओकारी आली नाही हे मी दुकानात सगळ्यांना सांगितलं आहे.

मी आत अडकलेला असताना साहेब पायरीवर बसून गोष्टी सांगत होते. त्यातली एक मी मामाला येऊन सांगितली, कारण ती आमच्याच धंद्याची होती. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाच्या माणसाने १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी ती जगातली पहिली. ती होडी, सुहेली, सागवानाची, बांधली होती आपल्या मुंबईत. वाटेत त्याच्या चार्जिंगच्या इंजिनाचं काम निघालं, पेट्रोलचं, मॅग्नेटोवालं. त्यात एक फट अगदी मोजून ठेवावी लागते आणि मोजायची पट्टी, म्हणजे फीलर गेज, त्याच्याकडे नव्हती. मग त्याने वहीची पानं मोजली. २०० पानांचा एक इंच, म्हणजे एक पान इंचाचा पाच हजारावा नव्हे, पाच सहस्रांश. तीन पानं फटीत सरकवली, झाली फट. मामा हे ऐकून खूश झाला. म्हणाला, ‘आपण ब्लेड वापरायचो.’

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात म्हादेई बांधली गेली, त्याच ५६ फुटी होडीतून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जग फिरून आले, असं करणारे पहिले भारतीय. अभिलाष टॉमी त्याच होडीतून २०१३ मध्ये कुठेही न थांबता फिरून आले. हे मी ऐकलेलं होतं. पण भर समुद्रात शिडाच्या होडीवर डिझेल इंजिनाचं मुख्य काम होडी ढकलणं नसून बॅटऱ्या भरणं असतं, हे मला साहेबांनी त्या दिवशी सांगितलं तेव्हा नवीन होतं. दिवे, जीपीएस, रेडिओ, सुकाणू धरणारं यंत्र, सगळं त्यावर. म्हणजे तिथे आल्टरनेटरचा तो लाल दिवा केवढा मोठा माणूस झाला!

*

वायरिंग बदलताना मला इंजिनाच्या मागच्या बाजूला, एका नळीच्या आड, काळ्या टेपने गुंडाळलेली एक तार सापडली होती. दुसरं टोक पॅनेलकडे जात होतं. इंजिनावर तापमानाचा स्विच होता, त्यावर काहीच लावलेलं नव्हतं.

‘ती जुनी आहे,’ साहेब म्हणाले. ‘आधीच्या माणसाने काढून ठेवली. बझर उगाच वाजायचा.’

‘उगाच’ हा शब्द मी फाट्यावर रोज ऐकतो. ट्रकच्या एअर ब्रेकला हवेचा दाब लागतो. टाकीत दाब साधारण ५ बारच्या खाली गेला की बझर बोंबलतो. सकाळी गाडी सुरू केली की दाब भरेपर्यंत काही मिनिटं तो बोंबलतच राहतो, आणि केबिनमध्ये रात्रभर गाडी चालवलेला दुसरा माणूस झोपलेला असतो. मग एक दिवस पक्कड येते, वायर तुटते, शांतता होते. मी ड्रायव्हरला दोष देत नाही. त्याला गाडी थांबवली तर पैसे कापतात, गाडी पेटली तर नाही, निदान लगेच नाही. पण तीच गाडी कंटेनर घेऊन मुंब्रा बायपासचा उतार उतरते. मामाचा एक नियम आहे, पॅनेलमध्ये हात घातला आणि तोडलेली बझरची वायर दिसली, तर ती जोडूनच गाडी सोडायची. त्याचे पैसे लावायचे नाहीत. यावरून भांडणं होतात. एकाने आमच्यासमोरच पुन्हा तोडली. तिसऱ्या वेळेला आम्ही जोडली तेव्हा तो दुसऱ्या दुकानात जाऊ लागला.

इंजिनाचे हे निरोप कसे लावलेले असतात ते बघण्यासारखं आहे. ऑइलचा स्विच इंजिन बंद असताना जोडलेला असतो आणि दाब आला की सुटतो. त्यामुळे किल्ली फिरवली की ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे, सुरू झाल्यावर विझला पाहिजे. रोज सकाळी आपोआप त्याची परीक्षा होते. नाही लागला तर बल्ब गेलाय किंवा वायर सुटलीये. तापमानाचा स्विच उलटा. थंड असताना सुटलेला, तापल्यावर जोडला जाणारा. त्याची वायर तुटली असेल तर पॅनेल काहीच सांगत नाही. किल्ली फिरवा, दिवा नाही. इंजिन चालवा, दिवा नाही. इंजिन शिजून चाललंय, तरी दिवा नाही. ठीक असलेलं इंजिन आणि तुटलेली वायर, दोन्ही पॅनेलवर सारखीच दिसतात. त्याची परीक्षा हातानेच घ्यावी लागते. स्विचवरची वायर काढून इंजिनाच्या अंगाला टेकवायची. दिवा आणि बझर लागले तर वाट मोकळी आहे.

मी टेप सोडवला, टोक कापून नवा थिंबल लावला, टेकवून बघितलं. बझर वाजला. स्विचवर जोडली. मग साहेबांना म्हटलं, इंजिन सुरू करा, पहिल्याच फटक्यात झालं, आणि बोट बोयाला बांधलेली असतानाच गिअर टाकून जरा जोर द्या. दहा-अकरा मिनिटं काही नाही. बाराव्या मिनिटाला बझर.

साहेबांचा चेहरा असा झाला की मी काहीतरी बिघडवलं. ‘बघ, उगाच वाजतो म्हटलं ना.’

छोट्या बोटीचं इंजिन समुद्राचंच पाणी ओढून थंड होतं आणि ते पाणी धुराबरोबर मागून बाहेर पडतं. मी त्यांना मागे जाऊन बघायला सांगितलं. धार म्हणजे गळक्या नळासारखी. इंजिन बंद केलं, पाण्याचा कॉक बंद केला, गाळणीचं झाकण उघडलं. आत पिशवीचा तुकडा होता, दुधाच्या पिशवीचा, निळी छपाई अजून वाचता येत होती. आणि बारीक शिंपल्यांचा चुरा. मुंबईच्या बंदरात नवल नाही. किती दिवस होता कोण जाणे. वायर काढली त्याच्या आधीपासून असेल तर बझर तेव्हाही खरंच बोलत होता.

साफ करून पुन्हा चालवलं. मागची धार मनगटाएवढी. वीस मिनिटं, पूर्ण जोर, पॅनेल गप्प. या वेळचं गप्प बसणं आम्ही दोघांनीही घड्याळ लावून ऐकलं.

बिलात मी वायर, थिंबल, रिले आणि मजुरी लिहिली. गाळणीचं काही लिहिलं नाही, ते वायरिंगचं काम नव्हे. मिस्त्रीने केलं असतं तर त्याने लावलं असतं.

साहेब आता दर सफरीआधी मला व्हिडिओ पाठवतात. किल्ली फिरवली, चार्जिंगचा दिवा लागला, ऑइलचा लागला. मग कॅमेरा हलत हलत खाली जातो, पायऱ्या बाजूला होतात, आणि ते तापमानाची वायर काढून इंजिनाला टेकवतात. वर बझर वाजतो. वायर ते अजून लांब पक्कडीने धरतात, शॉक बसेल म्हणून. १२ व्होल्टला काही होत नाही, असं मी दोनदा लिहून कळवलं आहे.